कॅज्युअल्टीत बीपी २२०/१३० आलं: आधी काय बघायचं, औषध कधी आणि किती द्यायचं

रात्री अकराला जीपमधून पेशंट उतरतो. बीपी २१०/१२०. डोकं दुखतंय, बाकी काही नाही. सिस्टर निफेडिपिनच्या कॅप्सूलला सुईनं भोक पाडते, जिभेखाली दोन थेंब पिळते, अर्ध्या तासात बीपी १३०/८० होतं आणि नातेवाईक हात जोडून घरी घेऊन जातात. पहाटे तोच पेशंट परत येतो, उजवा हात उचलत नाही. हे आजही घडतं. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत घडतं तसंच मोठ्या शहरांतही घडतं. उलटही घडतं. दम लागलेला, घामानं भिजलेला पेशंट 'बीपीचाच आहे' म्हणून एक गोळी देऊन बाकावर बसवला जातो आणि तासाभरात त्याची फुफ्फुसं पाण्यानं भरतात.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. आकड्यावर उपचार केला, अवयव बघितले नाहीत. खालचा क्रम कॅज्युअल्टीत ड्यूटी करणारे वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि स्टाफ नर्स यांच्यासाठी आहे. डोस मोठ्या माणसांचे आहेत. तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉल असेल तर तो आधी, आणि फिजिशियनला फोन लावायला उशीर करू नका.

## पायरी १ : ड्यूटी सुरू होताना करायची तयारी

बीपीच्या मशीनपासून सुरुवात करा. डायलचं मशीन असेल तर कफमध्ये हवा नसताना काटा बरोबर शून्यावर हवा. तो ८ किंवा १० वर टेकलेला असेल तर दिवसभराचं प्रत्येक रीडिंग चुकणार. नळी दाबून बघा, गळती असेल तर काटा सावकाश न उतरता भसकन खाली येतो.

कफ दोन मापांचे हवेत, नेहमीचा आणि मोठा. आतल्या रबरी पिशवीनं दंडाचा किमान ८० टक्के घेर झाकला पाहिजे. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी खोटं जास्त दिसतं, आणि बऱ्याच कॅज्युअल्टींत 'इमर्जन्सी'ची सुरुवात तिथूनच होते.

ट्रेमध्ये काय आहे ते हाताळून बघा, रजिस्टरवर विश्वास ठेवू नका. बीपी उतरवणाऱ्या लॅबेटालॉलची अँप्यूल साधारण ४ मि.लि.ची, त्यात २० मि.ग्रॅ. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनची ५ मि.लि.ची, त्यात २५ मि.ग्रॅ. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं), फिट थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटच्या किमान १४ अँप्यूल (२ मि.लि., ५० टक्के, म्हणजे प्रत्येकी १ ग्रॅम) आणि शेजारीच मॅग्नेशियमवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट. सिरिंज पंप चार्ज आहे का? मायक्रोड्रिप (बारीक थेंबांचे सलाईनचे) सेट आहेत का? ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, लघवी तपासायच्या पट्ट्या, ईसीजीचा कागद. ऑफ्थाल्मोस्कोप बहुतेक ठिकाणी कपाटात असतो आणि त्यातले सेल फुगलेले असतात. ते आजच बदला.

तपासा: लेबलवरची ताकद स्वतः वाचा. कंपनी बदलली की अँप्यूलमधलं प्रमाण बदलू शकतं.

## पायरी २ : बीपी पुन्हा आणि नीट मोजा

केसपेपर काढताना घाईत घेतलेलं बीपी हे निदान नव्हे. पेशंट पायऱ्या चढून आलेला असतो, तुंबलेल्या लघवीनं अस्वस्थ असतो, किंवा लुगड्याच्या ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्या खाली कफ कोंबलेला असतो. ती गुंडाळलेली बाही दंडाला दोरीसारखी आवळते आणि आकडा भरवशाचा राहत नाही. बाही काढा, किंवा पडदा ओढून दंड मोकळा करा.

लघवी करून यायला सांगा. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या उंचीवर आधारानं ठेवून पाच मिनिटं बसवा. मोजताना बोलू देऊ नका. नातेवाइकांनाही त्या वेळी प्रश्न विचारू नका, कारण उत्तर पेशंटच देतो. मग दोन्ही हातांत मोजा. दोन हातांत २० पेक्षा जास्त फरक असेल आणि छातीत किंवा पाठीत दुखत असेल, तर महाधमनी फाटल्याचा संशय घ्यायचा.

दम लागलेल्या, बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या पेशंटला अर्थातच पाच मिनिटं बसवायचं नाही. तिथे पायरी ३ आणि ऑक्सिजन, शिरेतली सुई, मॉनिटर हे सगळं एकदम सुरू होतं.

म्हाताऱ्या पुरुषाचं बीपी अचानक २०० च्या वर आणि तो कळवळतोय, तर पोटाखाली हात ठेवून बघा. प्रोस्टेटमुळे लघवी अडकली असेल तर कॅथेटर हेच बीपीचं औषध. तीच गोष्ट तीव्र वेदनेची: मोडलेल्या हाताचं बीपी वेदना शमल्यावर उतरतं.

## पायरी ३ : पाच मिनिटांत पाच अवयव आणि एक प्रश्न

१८०/१२० च्या वरचं बीपी आणि त्यामुळे एखाद्या अवयवाला आत्ता होत असलेली इजा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच ती इमर्जन्सी. म्हणून डोक्यापासून खाली या.

मेंदू: बोलणं अडखळतंय का, तोंड वाकडं झालंय का, हात-पाय समान उचलतो का, गोंधळलाय का, फिट आली का. लकवा वाटला तर सगळ्यांत आधी शुगर तपासा. कमी साखरही अगदी लकव्यासारखं सोंग आणते.

डोळे: अचानक धूसर दिसतंय का. ऑफ्थाल्मोस्कोपनं पडद्यावर रक्तस्राव किंवा नसेच्या मुखाशी सूज दिसली तर शंका संपली.

हृदय आणि फुफ्फुस: आडवं पडल्यावर दम वाढतो का, तळाशी कुरकुर आवाज येतो का, ऑक्सिजन किती, छातीत दडपण आहे का.

महाधमनी: फाडल्यासारखी, पाठीत जाणारी, एका क्षणात सुरू झालेली वेदना. दोन्ही मनगटांच्या आणि मांड्यांच्या नाड्या समान आहेत का.

मूत्रपिंड: लघवी कमी झालीय का, लाल आहे का, चेहऱ्यावर सूज आहे का.

आणि तो प्रश्न, प्रजननवयातल्या प्रत्येक बाईला: दिवस गेलेत का, किंवा गेल्या सहा आठवड्यांत बाळंतपण झालंय का? उत्तर 'हो' असेल तर मर्यादा बदलते. तिच्यासाठी १६०/११० हाच धोक्याचा आकडा, १८० ची वाट बघायची नाही. उत्तराबद्दल शंका असेल तर लघवीची गरोदरपणाची टेस्ट करा.

माहिती पेशंटच्या बोलीत विचारा. 'औषधोपचार नियमित आहेत का?' याला मान डोलते. 'बीपीनी गोयी चालू शे का बंद?' याला खरं उत्तर मिळतं. धडगाव, अक्कलकुवा भागातून आलेल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पेशंटबरोबर आशाताई असेल तर तिला आत घ्या, बाहेर उभं ठेवू नका. 'डोकं दुखतं' आणि 'दिसत नाही' यातला फरक भाषांतरात हरवला तर सगळं चुकतं.

बहुतेक वेळा कारण साधं निघतं: बरं वाटलं म्हणून गोळी बंद केली, किंवा लग्नकार्यात आठ दिवस राहून गेली. त्याखेरीज विचारा: गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्या, कुणी दिलेली दुखण्याची पुडी (तिच्यात स्टेरॉइड असू शकतं), आणि बीपीचं क्लोनिडीन अचानक थांबवलं का. क्लोनिडीन थांबवल्यावर बीपी उसळी मारतं.

सावधान: नुसती डोकेदुखी, नुसती चक्कर किंवा नुसता नाकातून रक्तस्राव म्हणजे अवयवाची इजा नव्हे. नाकातून रक्त येत असेल तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटं सलग दाबून धरा. रक्त थांबलं की भीती जाते आणि बीपीही उतरतं.

## पायरी ४ : तपासण्या, या क्रमानं

ईसीजी दहा मिनिटांत. शुगर लगेच. लघवीची पट्टी दोन मिनिटांत प्रोटीन आणि रक्त सांगते, आणि ही सगळ्यांत स्वस्त तपासणी सगळ्यांत जास्त विसरली जाते. मग क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारं), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट. दम असेल तर छातीचा एक्सरे, छातीत दुखत असेल तर ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी), मेंदूची लक्षणं असतील तर डोक्याचा साधा सीटी. ज्याला काही त्रास नाही आणि ज्याची तपासणी स्वच्छ आहे, त्याच्यावर ही सगळी यादी खर्च करायची गरज नाही. ईसीजी, लघवी, क्रिएटिनिन पुरे.

## पायरी ५ : अवयव ठीक आहेत, फक्त आकडा मोठा आहे

असेच पेशंट सर्वांत जास्त येतात आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. यांना शिरेतून औषध नाही. जिभेखाली काही नाही. 'एक फ्युरोसेमाइड मारून टाकू' नाही.

शांत, कमी उजेडाच्या खोलीत ३० मिनिटं पडू द्या आणि पुन्हा मोजा. बऱ्याच जणांचं एवढ्यानंच बरंच खाली येतं. डोकं दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या, डायक्लोफिनॅक नको.

गोळी बंद केली असेल तर तीच जुनी गोळी, जुन्याच डोसमध्ये, आत्ता तुमच्यासमोर द्या. कधीच औषध नसेल तर अ‍ॅम्लोडिपिन ५ मि.ग्रॅ. तोंडानं सुरू करता येतं. अ‍ॅम्लोडिपिनचा जोर चढायला ६ ते १२ तास लागतात, आणि पूर्ण परिणाम दिसायला आठवडा जातो. म्हणून तासाभरानं बीपी तसंच आहे असं बघून दुसरी गोळी, मग तिसरी, असं करू नका. त्या तिन्ही गोळ्या पहाटे, पेशंट घरी लघवीला उठतो तेव्हा, एकदम काम करतात.

बीपी का घाईनं उतरवायचं नाही? वर्षानुवर्षं २०० च्या आसपास बीपी असलेल्या माणसाच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्या दाबाची सवय झालेली असते. तुमच्या-माझ्यासाठी नॉर्मल असलेलं १२०/८० त्याच्या मेंदूला उपाशी ठेवतं. हृदयाचं आणि मूत्रपिंडाचंही तेच. जिभेखालचं निफेडिपिन किती उतरवेल आणि कुठे थांबेल हे कुणाच्याच हातात नसतं, आणि एकदा गिळल्यावर ते परत घेता येत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा लिहिलाच पाहिजे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. केळीच्या बागेतून किंवा शेतातून आलेला माणूस आधीच कोरडा पडलेला असतो. जीभ बघा, लघवी विचारा. अशाला फ्युरोसेमाइड दिलं तर बीपी कोसळतं आणि क्रिएटिनिन चढतं. फुफ्फुसात पाणी किंवा अंगावर सूज नसेल तर फ्युरोसेमाइडला हात लावू नका.

घरी सोडायला बीपी १४०/९० व्हायलाच हवं असं नाही. लक्षणं नाहीत, तपासणी स्वच्छ आहे, औषध हातात आहे आणि सात दिवसांत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा एनसीडी (बीपी-शुगरसारख्या आजारांच्या) क्लिनिकमध्ये दाखवायची तारीख लिहून दिली आहे, एवढं पुरतं. नातेवाइकांना सांगा: तोंड वाकडं होणं, दम, छातीत दुखणं, दिसेनासं होणं, फिट, यातलं काही झालं तर लगेच १०८. आणि लोणचं, पापड, शेवेवर महिनाभर तरी आवर.

## पायरी ६ : खरी इमर्जन्सी असेल तर आधी हिशेब, मग औषध

सरासरी दाब काढा: वरचा आकडा अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. २२०/१३० असेल तर २२० + २६० = ४८०, भागिले ३, म्हणजे १६०. पहिल्या तासात जास्तीत जास्त २५ टक्के कमी करायचे, म्हणजे ४०. म्हणजे सरासरी दाब १२० च्या खाली न्यायचा नाही. हे साधारण १६५/९८ ला येतं. पुढच्या २ ते ६ तासांत १६०/१००-११० च्या आसपास ठेवा. नॉर्मल करायला २४ ते ४८ तास आहेत.

हा आकडा केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहा: 'पहिल्या तासात १६५ च्या खाली नको.' ड्यूटी बदलली की हेच वाक्य पेशंटला वाचवतं.

बीपी पहिल्या तासात दर ५ मिनिटांनी, नंतर दर १५ मिनिटांनी. ज्या हातात औषध चालू आहे त्या हातात कफ नको. कफ फुगला की औषध अडतं, सुटला की साचलेलं औषध एकदम आत जातं.

## पायरी ७ : लॅबेटालॉल आणि नायट्रोग्लिसरीन, हातात काय आणि कसं

लॅबेटालॉल देण्याआधी तीन गोष्टी बघा: नाडी ६० च्या वर आहे, दमा नाही, फुफ्फुसात पाणी नाही. १० ते २० मि.ग्रॅ. शिरेतून, सावकाश, घड्याळ लावून २ मिनिटांत. दहा मिनिटांनी बीपी बघा. गरज असेल तर ४०, मग ८० मि.ग्रॅ. एकूण ३०० च्या वर नाही.

पंप नसेल तर ५ अँप्यूल (१०० मि.ग्रॅ., २० मि.लि.) ८० मि.लि. सलाईनमध्ये मिसळा. आता १ मि.लि. मध्ये १ मि.ग्रॅ. आहे. मिनिटाला ०.५ मि.ग्रॅ. म्हणजे तासाला ३० मि.लि., म्हणजे मायक्रोड्रिप सेटवर मिनिटाला ३० थेंब. मिनिटाला २ मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा. लॅबेटालॉल चालू असताना पेशंटला उठून शौचालयात जाऊ देऊ नका, उभा राहताच कोसळतो. भांडं द्या.

नायट्रोग्लिसरीन फुफ्फुसात पाणी आणि छातीत दुखणं यांसाठी. एक अँप्यूल (२५ मि.ग्रॅ.) ५० मि.लि. पर्यंत पातळ केलं की १ मि.लि. मध्ये ५०० मायक्रोग्रॅम. मिनिटाला १० मायक्रोग्रॅम म्हणजे पंपावर तासाला १.२ मि.लि. दर ५ मिनिटांनी १० ते २० मायक्रोग्रॅमनं वाढवा. पंप नसेल तर तीच अँप्यूल ५०० मि.लि. मध्ये घाला, मायक्रोड्रिपवर मिनिटाला १२ थेंब म्हणजे १० मायक्रोग्रॅम.

सावधान: मायक्रोड्रिपचे ६० थेंब म्हणजे १ मि.लि. साध्या सेटचे साधारण १५ ते २०. सेट चुकला तर डोस तीन-चार पटींनी चुकतो. सेटच्या पाकिटावर वाचा.

तपासा: लैंगिक उत्तेजनाची गोळी (सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत, टाडालाफिल ४८ तासांत) घेतली असेल तर नायट्रोग्लिसरीन नाही. हे नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा, नाहीतर खरं उत्तर येत नाही.

## पायरी ८ : जिथे नियम बदलतो

लकवा. सीटी होईपर्यंत बीपीला हात लावू नका. रक्ताची गुठळी असेल आणि गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं नसेल, तर २२०/१२० च्या वर गेल्याशिवाय उतरवायचं नाही, आणि तेव्हाही पहिल्या २४ तासांत १५ टक्केच. ते औषध द्यायचं असेल तर आधी १८५/११० च्या खाली आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या खाली. मेंदूत रक्तस्राव असेल तर वरचा आकडा १४० च्या आसपास, १३० च्या खाली नाही. 'शेवटचा धडधाकट कधी दिसला' ती वेळ लिहा. साडेचार तासांची मर्यादा तिथून मोजतात, लक्षात आलं तिथून नाही.

फुफ्फुसात पाणी. ताठ बसवा, पाय खाली सोडा, ऑक्सिजन द्या, मास्कनं दाब देणारं यंत्र असेल तर लावा. नायट्रोग्लिसरीन आधी, त्याच्या जोडीला फ्युरोसेमाइड ४० मि.ग्रॅ. शिरेतून. इथे तासाभराची वाट बघायची नाही, दम कमी होईपर्यंत डोस चढवत न्या.

महाधमनी फाटणं. इथेच फक्त वेगानं आणि खोल उतरवायचं: नाडी ६० च्या खाली आणि वरचा आकडा १२० च्या खाली, २० मिनिटांत जमेल तितकं. आधी नाडी, मग बीपी. म्हणून लॅबेटालॉल किंवा एस्मोलॉल पहिलं. वेदनेला मॉर्फिन किंवा फेंटॅनिल. अ‍ॅस्पिरिन, हेपॅरिन नको.

गरोदर आणि बाळंतीण. १६०/११० पंधरा मिनिटांनीही तसंच असेल तर तासाच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात औषध. लॅबेटालॉल २०, ४०, ८० मि.ग्रॅ. दर दहा मिनिटांनी. ते नसेल तर निफेडिपिन १० मि.ग्रॅ. कॅप्सूल अख्खी गिळायला, भोक पाडून नाही. २० मिनिटांनी बीपी तसंच असेल तर २० मि.ग्रॅ. १४०/९० च्या खाली नेऊ नका, बाळाचा रक्तपुरवठा तुटतो.

फिट आली असेल किंवा तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं, पोटात वर दुखणं असेल तर मॅग्नेशियम सल्फेट. ४ अँप्यूल (८ मि.लि.) अधिक १२ मि.लि. सलाईन, एकूण २० मि.लि., शिरेतून ५ ते १० मिनिटांत सावकाश. मग प्रत्येक कुल्ल्यात ५ अँप्यूल (१० मि.लि.), खोल स्नायूत, २ टक्के लिग्नोकेन १ मि.लि. मिसळून. पुढे दर ४ तासांनी ५ ग्रॅम, आलटून-पालटून कुल्ल्यात. प्रत्येक पुढच्या डोसआधी तीन गोष्टी: गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो (नी जर्क), श्वास मिनिटाला १६ पेक्षा कमी नाही, लघवी तासाला ३० मि.लि. पेक्षा कमी नाही. एक जरी बिघडली तर डोस थांबवा. श्वास मंदावला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मि.लि., दहा मिनिटांत शिरेतून.

## पायरी ९ : पुढे पाठवताना

धडगावहून नंदुरबारला घाट उतरून जायचं असेल, किंवा शिरपूर-साक्रीहून धुळ्याला, तर गाडी हलायच्या आधी उपचार सुरू झालेला असावा. 'तिकडे गेल्यावर बघतील' हे फक्त लकव्याच्या बीपीपुरतं खरं आहे. फिट येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियमचा पहिला पूर्ण डोस आणि फुफ्फुसात पाणी असलेल्याला नायट्रोग्लिसरीन इथेच सुरू व्हायला हवं.

१०८ मागवताना व्हेंटिलेटर आणि मॉनिटर असलेली गाडी मागा. सीटी कुठे चालू आहे हे फोन करून विचारा. बंद सीटीच्या दारात पोहोचलेला लकव्याचा पेशंट तिथून दुसरीकडे नेईपर्यंत वेळ हातातून जातो. फुफ्फुसात पाणी असलेल्याला गाडीत आडवं झोपवू नका, स्ट्रेचरची पाठ उभी करा. फिट येणाऱ्या गरोदर बाईला डाव्या कुशीवर ठेवा.

रेफरच्या कागदावर 'हाय बीपी, पुढील उपचारासाठी' एवढंच लिहिलेलं नको. आलं तेव्हाचं बीपी दोन्ही हातांतलं, वेळेसह. कोणता अवयव बिघडलाय असं वाटतं. दिलेलं प्रत्येक औषध, मि.ग्रॅ. मध्ये, मिनिटासह. निघतानाचं बीपी आणि नाडी. पहिल्या तासाची मर्यादा. शेवटचा धडधाकट दिसल्याची वेळ. ईसीजी त्याच कागदाला टाचा, नातेवाइकांच्या पिशवीत देऊ नका. आणि घरून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पेशंटबरोबर पाठवा.